पिवळ्या पट्टीच्या आत

बाजाराच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, सरकत्या जिन्याच्या तोंडाशीच ते व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दर्शनी भाग सगळा काचेचा. काचेच्या आत भलामोठा स्क्रीन, स्क्रीनसमोर जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीने आखलेला चौकोन आणि त्या चौकोनात दिवसभर हवेत रॅकेट फिरवणारी एक उंच बाई. जिना चढून येणाऱ्याला आधी तिचा वर गेलेला हात दिसे, मग ती दिसे, मग दुकान.

दुकानातली पोरं तिला चॅम्पियनताई म्हणत. मालक गिऱ्हाइकासमोर 'मॅडम' म्हणे आणि गिऱ्हाईक पाठमोरं झालं की 'अगं ऐक'. तिला लहानपणापासून 'जिराफ' म्हणणारीही काही माणसं होती, पण ती सगळी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये राहिली आणि ही इकडे आली.

ती आली होती तशी थोड्याच दिवसांसाठी. गुडघा दुखावला होता, डॉक्टरने उड्या बंद सांगितल्या होत्या, आणि घरात बसून आईच्या काळजीचं लोणचं किती दिवस चाखायचं? तेवढ्यात दादाच्या ओळखीने हे काम निघालं. दादा म्हणाला, "गुडघा बरा होईपर्यंत कर. गार हवेत उभं राहून खेळायचं आणि वर पगार. लोक मरतात अशा नोकरीसाठी." गुडघा बरा झाला. नोकरी तशीच राहिली. एक सीझन गेला, दुसरा गेला, मग ती मोजायचं विसरली.

काम सोपं होतं. गेमच्या डब्यावर मालकाला फारसं काही सुटत नसे, सुटे ते वरच्या सामानावर. 'वरचं सामान' म्हणजे रिमोटला जोडायची नाना सोंगं. रिमोट हातात धरून हवेत हलवला की स्क्रीनवरचा खेळाडू हलतो, मूळ खेळ एवढाच. पण त्या रिमोटवर प्लास्टिकची रॅकेट चढवली की टेनिस, दांडा चढवला की गोल्फ, पातं चढवलं की तलवार, गोल कडं चढवलं की गाडीचं स्टिअरिंग. भिंतभर ही हत्यारं टांगलेली असत. तिने चौकोनात उभं राहून एकेक चढवायचं, खेळायचं, घामाघूम झाल्यासारखं हसायचं आणि काचेबाहेरच्या माणसाच्या मनात भरवायचं की याच्याशिवाय खेळणं म्हणजे मिठाशिवाय जेवण.

हे खरं नव्हतं. म्हणजे सगळं खोटंही नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती.

इतके दिवस खेळून तिला या सामानाची नस सापडली होती. स्टिअरिंगचं कडं खरोखर उपयोगाचं होतं. नुसता रिमोट साबणाच्या वडीसारखा हातात धरून गाडी वळवताना लोकांची मनगटं भरकटत. कड्यावर दोन्ही हात बसले की गाडी सरळ चाले. ज्यांच्या बोटांत जोर नव्हता अशा म्हाताऱ्यांना रिमोटवर चढवायची फोमची जाड मूठ आवडे, हात दुखत नसे. तलवार दोन दिवसांत मोडे. आणि रॅकेट? रॅकेट म्हणजे निव्वळ शोभा. यंत्राला तुमचा फटका दिसतच नसे. त्याला कळे तो फक्त मनगटाचा पहिला झटका. तुम्ही हात मागे किती नेला, खांदा फिरवला की नाही, त्याच्या खिजगणतीतही नसे. उलट प्लास्टिकच्या वजनाने झटका उशिरा पडे आणि चेंडू हुके. म्हणून तिने एक युक्ती बसवली होती: आधी मनगटाने बारीकसा झटका द्यायचा, तो यंत्रासाठी. त्याच्या मागोमाग अख्खा हात डौलात फिरवायचा, तो गिऱ्हाइकासाठी. दोन्ही इतकं बेमालूम, की काचेबाहेरचे लोक टाळ्या वाजवत.

आणि पाय? पाय हलवायचे नाहीत. स्क्रीनच्या डोक्यावर एक कॅमेरा होता, त्याला तो पिवळा चौकोन तेवढा दिसे. चौकोनाबाहेर पाऊल पडलं की स्क्रीनवरची खेळाडू गोठून जाई. धावण्याचं काम खेळाडूच करे, आपोआप. तुम्ही नुसतं खांबासारखं उभं राहायचं.

मालक वाईट माणूस नव्हता. तो कधी ओरडला नाही, रजा मागितली तर नाही म्हणाला नाही, आईच्या मोतीबिंदूच्या वेळी स्वतः गाडी काढून दवाखान्यात आला. त्याच्याशी भांडायला कारणच मिळायचं नाही. तिला कधी कधी वाटे, याने एकदा तरी खेकसावं, म्हणजे मी पट्टकन चप्पल घालून निघून जाईन. पण तो खेकसत नसे. म्हणे, "मॅडम, दमलात का? पाच मिनिटं बसा की." बसायला स्टूल होतं. तेही चौकोनाशेजारीच.

आई महिन्यातून एकदा दुकानात येई. काचेबाहेर उभी राहून लेकीचा खेळ बघे आणि शेजारी जो कोणी असेल त्याला सांगे, "माझी मुलगी आहे हो ती. खेळाडू आहे." आई निघून गेली की तिला उरलेला दिवस जड जाई. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं.

एका दुपारी जिन्याच्या तोंडाशी एक बुटकी बाई थबकली, काचेला नाक लावून बघत राहिली आणि दार ढकलून थेट चौकोनात घुसली. कॅमेऱ्याला दोन माणसं दिसली आणि स्क्रीनवरचा खेळ बंद पडला.

"जिराफ! अगं, तूच ना? मला वाटलं, हा खांदा मी कुठे तरी पाहिलाय!"

ती 'छोटी' होती, हॉलमध्ये सगळे तिला याच नावाने हाक मारत. दोघी एके काळी दुहेरीत एकत्र खेळत. छोटी जाळ्याजवळ, जिराफ मागे. छोटी आता त्याच हॉलमध्ये मुलांना शिकवत होती. अंगावर तोच ट्रॅकसूट, खिशात शिट्टी.

"काय करतेस इथे?"

"खेळते," ती म्हणाली आणि दोघी हसल्या. पण छोटीचं हसू आधी थांबलं.

"हे बघ," छोटी म्हणाली, "मंगळवारी आमची जुन्या खेळाडूंची मॅच आहे, मैत्रीची. माझ्या जोडीदारणीचा हात मोडलाय. ये ना. गंमत म्हणून."

"माझी प्रॅक्टिस कुठाय आता?"

"वा गं वा! रोज दिवसभर रॅकेट फिरवतेस आणि म्हणे प्रॅक्टिस नाही!"

हे मालकाने ऐकलं. तो गल्ल्यावरून म्हणाला, "जा हो मॅडम, सुट्टीच आहे तुमची. आमचं नाव काढा." त्याचं मन मोठंच होतं.

मंगळवारी ती गेली. हॉलचा वास तोच होता: लाकडाचा, घामाचा, जुन्या पडद्यांचा. खरी रॅकेट हातात घेतली तर ती इतकी हलकी लागली की तिला वाटलं, आपण काही धरलंच नाही. बाकांवर चार-पाच ओळखीचे चेहरे होते, काही पोरंसोरं होती. समोर दोन जाडसर बायका, एकीच्या कमरेला पट्टा बांधलेला. छोटी कुजबुजली, "या दोघींना आपण चहा प्यायच्या आत संपवू."

पहिलं शटल उंच आलं, तिच्या डोक्यावरून मागे जाणारं. असली शटलं तिने झोपेत मारली असती. तिला ते दिसलं, कुठे पडणार तेही कळलं, हात वर गेला, मनगटाने झटका दिला, मागोमाग अख्खा हात डौलात फिरला. शटल तिच्या मागे टप्पकन पडलं.

"असू दे, असू दे," छोटी म्हणाली. "अंग गरम होऊ दे."

दुसरं डावीकडे आलं, दोन पावलांवर. तिने हात लांब केला. पोहोचला नाही. तिसरं उजवीकडे. चौथं पुन्हा मागे. दर वेळी डोळ्यांना सगळं वेळेवर दिसत होतं, हातही उठत होता, पण कमरेखालचं अंग दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं जमिनीला चिकटून राहत होतं. समोरच्या पट्टेवालीच्या हे ध्यानात आलं. मग ती शटल नुसतं अलगद बाजूला ठेवू लागली, हातसुद्धा पोहोचणार नाही अशा जागी. बाकावरचं एक पोरगं हसलं. कुणीतरी त्याला गप्प केलं, ते हसण्याहून वाईट.

गेम संपल्यावर छोटी तिला बाजूला घेऊन गेली. चिडली नव्हती, गोंधळली होती.

"गुडघा दुखतोय का?"

"नाही."

"मग तू उभीच का राहिलीस गं? तुझ्या भोवती कुणी भिंत बांधलीय का?"

तिने खाली बघितलं. कोर्टाच्या लाकडावर तिचे दोन्ही पाय खांद्याएवढ्या अंतरावर, नीट समांतर, जसे दुकानात असतात तसे उभे होते. काही खुणा नव्हत्या, पट्टी नव्हती, कॅमेरा नव्हता. तरी तिला ठाऊक होतं, डावं पाऊल आणखी टीचभर सरकलं तर काहीतरी बंद पडेल. ती बाकावर बसली आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागली. गाठ सुटेना. छोटीने वाकून सोडली.

घरी आईने विचारलं, "जिंकलात?"

"बरी झाली मॅच," ती म्हणाली.

"होणारच. रोजचा सराव आहे."

त्यानंतरच्या शनिवारी दुकानात एक बाई आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी काटकुळी, दात पडलेली, एका जागी उभी राहीना. बाईंनी भिंतीवरची प्लास्टिकची रॅकेट काढून हातात तोलून बघितली.

"हिला बॅडमिंटनचं वेड लागलंय," बाई म्हणाल्या. "हॉल आमच्या घरापासून लांब पडतो. म्हटलं, घरातल्या घरात हे लावून खेळेल. हात बसेल ना हिचा याने?"

असल्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं: 'अगदी खऱ्यासारखं वाटतं, एकदा खेळून तर बघा.' ते तिच्या ओठांवर आलंही. पण मुलगी चौकोनाच्या पट्टीवरून एका पायाने लंगडी घालत होती, आत-बाहेर, आत-बाहेर, आणि तिच्याकडे बघता बघता ते ठरलेलं उत्तर मागेच राहिलं.

"खरं सांगू का?" ती म्हणाली. "हात बसेल, पण चुकीच्या जागी बसेल. आणि पाय जातील."

"म्हणजे?"

"थांबा, दाखवते." तिने मुलीच्या हातात आधी नुसता रिमोट दिला. मुलीने दोन-चार चेंडू सोडले, मग पटापट मारायला लागली. मग रिमोटवर रॅकेट चढवून दिली. मुलीने जीव खाऊन हात फिरवला आणि एकामागून एक चेंडू हुकले. "बघितलंत? ही जोरात मारतेय, तिची चूक नाही. यंत्राला जोर कळतच नाही. नुसतं मनगट झटकलं तरी त्याला पुरतं. याने हिला खेळाची सवय नाही लागणार, या यंत्राची लागेल. घरात गंमत म्हणून खेळायचं तर नुसता रिमोट पुरे आहे. आणि बॅडमिंटन शिकायचं तर हॉल लांब असला तरी तिथेच न्या."

बाईंनी रॅकेट रिमोटवरून उतरवून घेतली. मग ती परत खिळ्याला अडकवली, "बरं झालं तुम्ही सांगितलंत," म्हणाल्या आणि मुलीला घेऊन गेल्या. काही न घेता.

तिने वळून बघितलं. मालक गल्ल्यामागे उभा होता. सगळं ऐकलं होतं त्याने.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते निराळंच. छातीत काहीतरी हलकं झालं. आता हा बोलेल, मनात तिने शब्दसुद्धा जुळवून टाकले: 'तुमचं बरोबर आहे, मी उद्यापासून येत नाही.' पर्स कुठे ठेवलीय तेही आठवून घेतलं.

मालक जवळ आला. "मॅडम," तो म्हणाला, "हे आत्ता केलंत ना, ते परत एकदा करून दाखवा."

"काय?"

"आधी नुसता रिमोट, मग रॅकेट. मागे बघा जरा."

काचेबाहेर माणसं जमली होती. त्यातली बरीच आत आली. एक जण म्हणाला, "ताई, आम्हाला पण सांगा ना, कुठलं घ्यावं आणि कुठलं घेऊ नये." तिने सांगितलं. तलवार घेऊ नका, मोडते. रॅकेट शोभेची. स्टिअरिंग घ्या, फोमची मूठ घ्या, घरात कुणी म्हातारं असेल तर नक्की घ्या. दिवस मावळायच्या आत स्टिअरिंगची कडी भिंतीवरून संपली.

पुढच्या आठवड्यात दारावर पाटी लागली: 'आमच्या मॅडम खरं सांगतात.' खाली तिचा हात वर केलेला फोटो. रॅकेट मालकाने काढली नाही. म्हणाला, "तिच्याशिवाय बाकीचं चांगलं कसं दिसणार?" तिने रोज रॅकेटला नावं ठेवायची आणि त्या जोरावर बाकीचं खपायचं, असा धंदा बसला. त्यात एक शब्द खोटा नव्हता. म्हणून तर तिला कुठे बोट ठेवता येईना. गिऱ्हाइकाचा फायदा होता, मालकाचा होता, पगार वाढला, दादाने पेढे वाटल्यासारखं तोंड करून सगळ्यांना सांगितलं. 'खरं सांगू का?' हे वाक्य ती दिवसातून इतक्यांदा म्हणू लागली की त्याची चव गेली. एकदा मालक हळूच म्हणाला, "अगं ऐक, ते 'खरं सांगू का' म्हणायच्या आधी जरा थांबत जा. थोडा विचार केल्यासारखं. पहिल्या दिवशी कशी थांबली होतीस, तसं."

ती तशी थांबू लागली.

मंगळवारी मात्र ती हॉलवर जाऊ लागली होती. छोटीने तिला रॅकेटला हात लावू दिला नाही. "आधी पाय," म्हणाली. कोर्टाच्या चार कोपऱ्यांत आणि दोन्ही बाजूंना पाऊल टाकायचं, मध्ये परत यायचं, पुन्हा जायचं. शटल नाही, रॅकेट नाही. शेजारच्या कोर्टावर छोटीची चिल्लीपिल्ली हेच करत आणि हिच्यापेक्षा बरं करत. छोटी शिट्टी फुंकून ओरडे, "विचार करू नकोस! विचार करून कुणी पळतं का?" पण तिला विचार करावाच लागे. प्रत्येक पाऊल आधी मनाने उचलावं लागे आणि मग पायाने. कधी कधी, अगदी कधीतरी, पाय तिला न विचारताच मागच्या कोपऱ्यात जाऊन उभा राही. तेव्हा ती इतकी दचके की पुढचं पाऊल चुके.

"येतंय," छोटी म्हणे. "पण तू आठवड्यातून एक दिवस इथे शिकतेस आणि सहा दिवस तिथे विसरतेस. सोडून का देत नाहीस?"

"सोडून काय सांगू घरी? मालक चांगला आहे म्हणून सोडलं?"

छोटीने पुन्हा शिट्टी फुंकली. हंगामाच्या स्पर्धेसाठी तिने दुसरी जोडीदारीण घेतली. आधी येऊन सांगितलं, लपवलं नाही. "वाईट वाटून घेऊ नकोस गं."

"नाही गं," ती म्हणाली. आणि वाटलं ते पोटात ठेवलं.

मग दुकानात नवा माल आला. मालकाने खोका स्वतः फोडला. आत पायाला बांधायचे पट्टे होते, घोट्यावर आणि मांडीवर. मालकाचे डोळे चमकत होते. "आता पाय पण खेळणार! तुमचीच तक्रार होती ना, पाय जातात म्हणून? घ्या, आणलं तुमच्यासाठी!"

त्याने ते मनापासून आणलं होतं. तिने पट्टे बांधले आणि चौकोनात उभी राहिली. स्क्रीनवर रस्ता आला. जागच्या जागी पाऊल उचललं की स्क्रीनवरची बाई रस्त्यावर धावू लागे. भराभर उचललं की भराभर धावे. तिने पुढे एक पाऊल टाकून बघितलं, पट्टीच्या बाहेर. सगळं गोठलं. 'चौकोनात परत या,' स्क्रीनवर अक्षरं आली.

"जागच्या जागी, मॅडम," मालक म्हणाला. "पुढे जायचं नाही. नुसतं उचलायचं."

ती खाली बसली आणि पट्टे सोडू लागली. पट्ट्यांच्या वेल्क्रोचा खर्रकन आवाज झाला, दुकानातली पोरं बघायला लागली.

"हे मी घालणार नाही," ती म्हणाली.

"का? टोचतात का?"

"टोचत नाहीत. पण घालणार नाही. बाकी सगळं करेन. पायाला काही बांधणार नाही."

मालकाने तिच्याकडे बघितलं. तिला क्षणभर आशा वाटली की आता तरी हा खेकसेल. तो म्हणाला, "बरं. नव्या मुलीला देऊ. तिला शिकवाल ना पण?"

नवी मुलगी सोमवारी आली. हसरी, चपळ, नाच शिकलेली. पट्टे बांधून अशी काही जागच्या जागी धावायची की जिन्यावरचे लोक थांबायचे. तिने नव्या मुलीला कॅमेऱ्यापासून किती दूर उभं राहायचं ते शिकवलं, घाम पुसायला रुमाल कुठे ठेवायचा ते शिकवलं. एकदा मुलीने विचारलं, "ताई, याने खरंच स्टॅमिना वाढतो का हो?"

"दम वाढतो थोडा," ती म्हणाली. मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाली, "पण सुट्टीच्या दिवशी कुठेतरी मोकळं पळत जा. रोज जमलं तर रोज. विसरू नकोस."

"हो," मुलगी म्हणाली, आणि स्क्रीनवर नवा रस्ता आला म्हणून धावायला लागली.

वर्ष सरता सरता मालकाने दुसरं दुकान घ्यायचं ठरवलं. एका सकाळी तिला म्हणाला, "चला, जागा दाखवतो. तिथलं सगळं तुमच्याच हाती द्यायचंय." ती नको म्हणायचं ठरवून गाडीत बसली. वाटेत शब्द जुळवत होती. जागा तळमजल्यावर होती, अजून रिकामी, भिंतींना ओल्या रंगाचा वास. मालक मधोमध उभा राहून हात पसरून म्हणाला, "स्क्रीन इथे लावू. कसं दिसेल?"

तिने दाराकडे बघितलं, वर खिडकीकडे बघितलं. "इथे नको," ती म्हणाली. "दुपारचं ऊन सरळ पडद्यावर येईल, कॅमेऱ्याला काही दिसणार नाही. त्या भिंतीला घ्या. आणि समोर खांब आहे ना, म्हणजे खेळणाऱ्याला थोडं डावीकडे उभं करावं लागेल. आणि स्टिअरिंगसाठी खुर्ची ठेवा, उभ्याने गाडी कोण चालवतं? आपल्याकडे ते चुकतंच."

"अरे वा," मालक म्हणाला आणि सुताराला हाक मारायला बाहेर गेला.

ती रिकाम्या खोलीत एकटीच उभी राहिली. हे सगळं आपण अगदी मनापासून सांगितलं, खांबाचं सुद्धा, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. बाहेर मालक सुताराला सांगत होता, "मॅडम सांगतील तसं करा. त्यांना विचारल्याशिवाय खिळा ठोकू नका."

सुतार टेप घेऊन आत आला. "कुठून मोजू, ताई?"

तिने सांगितलं.